रस्त्याची रुंदी कोणाच्या वाट्याला? : एक प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरात बीड बायपासच्या दक्षिणेला, सातारा डोंगराच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या सातारा-देवळाई परिसरात घर घ्यायला निघालेले कुटुंब बरेच प्रश्न विचारते. पाणी किती दिवसांनी येते, ड्रेनेज आहे का, प्लॉट एनए (बिगरशेती) आहे की गुंठेवारीतला, शाळा किती लांब आहे. मुलगी त्या शाळेत सायकलवर एकटी जाऊ शकेल का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असते. शाळा दीड-दोन किलोमीटरवर असली तरी स्कूल व्हॅन लावावी लागते, नाहीतर आई-वडिलांपैकी एकाला रोज दोनदा स्कूटर काढावी लागते. दहा मिनिटांचे सायकलचे अंतर महिन्याच्या खर्चातली एक कायमची रक्कम होऊन बसते.

या प्रश्नाचे उत्तर वेगळे यावे म्हणून काय करावे लागेल, याचा शिस्तीने विचार करणारे एक अभ्यासक्षेत्र आहे. त्यात पहिल्यांदाच येणाऱ्या वाचकासाठी ही प्रस्तावना लिहीत आहे. विषय रस्त्याचा आहे म्हणजे तो स्थापत्य अभियंत्यांचा, असे समजून पुष्कळ जण दारातूनच परत फिरतात. तसे करू नये. घाटी रुग्णालयाच्या अपघात विभागात काम करणारा डॉक्टर, विमा आणि नुकसानभरपाईचे दावे लढवणारा वकील, वॉर्डाच्या निधीसाठी झगडणारा नगरसेवक, भूगोल शिकवणारी बाई, गुलमंडीतला दुकानदार आणि रिक्षाचालक यांना या विषयातले जे कळते, ते पुष्कळदा डांबराची जाडी मोजणाऱ्याला कळत नाही. अभियंता तर हवाच. पण रस्त्यावर कोणाला किती जागा द्यायची हा निर्णय गणितातून आपोआप निघत नाही. तो कोणीतरी घेतलेला असतो आणि म्हणून तो बदलताही येतो. या क्षेत्राचा सगळा डोलारा या एका विधानावर उभा आहे.

आपले शहर हा विषय शिकायला फार चांगले आहे, कारण चार शतकांतले रस्ते इथे एकमेकांना लागून उभे आहेत. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली आणि दोन वर्षांत भडकल दरवाजा उभा राहिला. पुढे तट आणि दरवाजे वाढत गेले, पुरे वसले. जयसिंगपुरा, बेगमपुरा, पदमपुरा, कर्णपुरा ही नावे आजही पत्त्यात लिहावी लागतात. या जुन्या शहराचे रस्ते पायी चालणाऱ्याच्या, घोड्याच्या आणि बैलगाडीच्या मापाचे. मकई दरवाजा, महेमूद दरवाजा, बारापुल्ला दरवाजा यांच्या कमानी आपण वाहतुकीची अडचण म्हणून ओळखतो. शेजारून पूल काढून या वास्तू वाचवायला हव्यात यात शंका नाही. पण एक निरीक्षण करून पाहावे. कमानीजवळ येताना प्रत्येक वाहन आपोआप हळू होते, पाटी नसताना, पोलीस नसताना. रस्त्याचा आकारच वेग ठरवतो, हे या शास्त्रातले पहिले सूत्र आपल्याकडे सतराव्या शतकाच्या दगडात बांधलेले आहे.

त्यानंतरचा मोठा थर सिडकोचा. १९७० च्या दशकात सिडकोने नव्या औरंगाबादची आखणी हाती घेतली आणि एन-एक, एन-दोन अशी क्रमांकांची वस्ती उभी केली. घरे लहान, पण प्रत्येक सेक्टरला मैदान, शाळा, बाजार. आतल्या गल्ल्या अरुंद आणि बाहेरचे रस्ते रुंद. त्या आतल्या गल्ल्यांत मुले अजूनही क्रिकेट खेळतात, कारण तिथून पलीकडे जायला कोणाला वाट मिळत नाही. ज्या रस्त्यावरून फक्त तिथे राहणाऱ्यालाच जायचे असते तो रस्ता शांत राहतो, हे नेदरलँडच्या नियोजनकारांनी पुढे तत्त्व म्हणून मांडले. सिडकोच्या या वसाहती २००६ मध्ये महापालिकेकडे आल्या आणि गेल्या वीस वर्षांत त्यांचे काय झाले, घरांच्या पुढच्या पायऱ्या आणि गाड्या रस्त्यावर कशा आल्या, हा वेगळ्या प्रबंधाचा विषय आहे. कोणीतरी तो लिहावा.

तिसरा थर एमआयडीसीचा. चिकलठाणा, मग वाळूज, आता शेंद्रा आणि बिडकीन. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८० च्या दशकात सुरू झाला आणि शहराची कुंडलीच बदलली. १९९१ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत ५.७३ लाख लोक होते, २०११ मध्ये ११.७५ लाख. वीस वर्षांत दुप्पट. ही माणसे राहणार कुठे? त्यांच्यापैकी फार मोठ्या संख्येने गुंठेवारीत घर घेतले. शेताचे तुकडे पाडून, गुंठ्याच्या हिशेबाने विकलेले प्लॉट, मध्ये वीस फुटांची गल्ली, कधी पंधराचीच. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी ही घरे नियमित करण्याची वाट काढली, पण गल्ली वीस फुटांचीच राहिली. सातारा गाव खंडोबाच्या मंदिरासाठी पंचक्रोशीत ओळखले जाते. त्या गावाभोवतीच्या शेतांच्या काही वर्षांत वसाहती झाल्या आणि शहर तिथवर येऊन पोहोचले.

इथे उपनगराची खरी गाठ दिसते. सातारा-देवळाईकर आणि शहर यांच्यामध्ये दोन अडसर आहेत. एक रेल्वेमार्ग, जो मोजक्या ठिकाणीच ओलांडता येतो. शिवाजीनगरच्या फाटकावर थांबण्यात कितीतरी जणांची वर्षे गेली आहेत. दुसरा अडसर बीड बायपास. शहराला वळसा घालून ट्रक पुढे जावेत म्हणून बांधलेल्या या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शहरच वाढले आणि तो वसाहतींच्या मधला रस्ता होऊन बसला. त्यावर इतके जीव गेले की वर्तमानपत्रांनी त्याला मृत्यूचा सापळा म्हणणे नित्याचे झाले. पुढे सोलापूर-धुळे महामार्गाचा नवा वळणरस्ता आणखी बाहेरून निघाला, जड वाहतूक बरीच तिकडे गेली. बायपास रुंद झाला, चौकांत पूल झाले. पण महामार्ग म्हणून जन्मलेल्या रस्त्याचा स्वभाव पुलाने बदलत नाही. पुलावरून जाणारे वाहन पूर्वीपेक्षा वेगाने जाते आणि खाली दूध आणायला निघालेल्या माणसाला रस्ता ओलांडायचाच असतो.

वेगाबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण नव्या वाचकाला या शास्त्रात सगळ्यात आधी तेच पटावे लागते. मूल अचानक समोर आले असे समजा. चालकाला ब्रेक दाबायला एक सेकंद लागतो. ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी त्या एका सेकंदात साधारण ८ मीटर जाते आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तर आणखी ५ मीटरवर थांबते. म्हणजे एकूण १३ मीटर. ताशी ५० ने येणारी गाडी त्या पहिल्या सेकंदातच जवळजवळ १४ मीटर गेलेली असते. पहिली गाडी जिथे उभी राहिली, तिथे दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो. मूल १३ मीटरवर असेल तर पहिली गाडी त्याच्यापुढे येऊन थांबते आणि दुसरी त्याला पूर्ण ५० च्या वेगाने धडकते. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ५० ची धडक ३० च्या धडकेच्या पावणेतीन पट जड असते. माणसाचे शरीर पहिली बहुधा सोसते, दुसऱ्या धडकेत वाचणे नशिबावर. स्वीडनने १९९७ मध्ये 'शून्य मृत्यू' हे धोरण संसदेत मंजूर केले ते याच हिशेबावर. माणूस चुका करणारच, त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, आणि याची जबाबदारी रस्ता आखणाऱ्यावरही आहे, असे ते धोरण सांगते.

मग वेग कमी कसा करायचा? आपल्याकडचे पहिले उत्तर स्पीडब्रेकर. तो गल्लीतल्या लोकांनी रात्रीत उरलेल्या सिमेंटचा घातलेला असतो, उंच आणि टोकदार, त्यामुळे गर्भार बाई रिक्षातून जाताना जीव मुठीत धरते आणि दुचाकीस्वार कडेच्या फटीतून सुसाट निघून जातो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेतला गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर लांबीचा, गोलसर पाठीचा असतो. २५ च्या वेगाने जाणाऱ्याला तो हलका वाटतो, ५० ने जाणाऱ्याला नाही. याहून चांगले उपाय आहेत. शाळेसमोरचे क्रॉसिंग फुटपाथच्या उंचीला आणायचे, म्हणजे गाडीने चढून यायचे आणि मुलांनी सपाट चालायचे. चौकातल्या कोपऱ्याची गोलाई कमी करायची, म्हणजे वळताना गाडीला हळू व्हावेच लागते. लेन साडेतीन मीटरऐवजी तीनच्या जवळ ठेवायची. यातले एकही परदेशी गुपित नाही. आपल्याच संहितांत हे लिहिलेले आहे.

आता रुंदी. जून २०२५ पासून महापालिकेने मुकुंदवाडी, बीड बायपास, पैठण रोड, पडेगाव अशा मोठ्या रस्त्यांच्या कडेची हजारो बांधकामे पाडली. विकास आराखड्यात दाखवलेली रुंदी, काही रस्त्यांवर ६० मीटर, मोकळी करणे हा त्यामागचा हेतू सांगितला गेला. ज्यांची दुकाने गेली त्यांच्या घरात काय झाले असेल ते वेगळे सांगायला नको. पिढीची कमाई एका दुपारी ढिगारा झाली. मोकळी झालेली ही जमीन इतकी महाग पडली आहे. म्हणूनच तिचा उपयोग काय होणार हा या शहरापुढचा आजचा सर्वांत मोठा नागरी प्रश्न आहे, असे माझे मत आहे. त्या जागेवर फक्त आणखी दोन लेन आल्या, तर ज्यांनी दुकाने गमावली त्यांनी ती फक्त मोटारींसाठी गमावली असा त्याचा अर्थ होईल.

६० मीटरचा हिशेब करून पाहू. मधल्या रस्त्याला सहा लेन द्या, प्रत्येकी सव्वातीन मीटर, झाले साडेएकोणीस. दुभाजकाला दोन मीटर. दोन्ही बाजूंना साडेपाच मीटरचा सर्व्हिस रोड, म्हणजे अकरा. दोन्हीकडे तीन-तीन मीटरचा फुटपाथ, अडीच-अडीच मीटरचा सायकलमार्ग, आणि झाडे, हातगाड्या, विजेचे खांब यांच्यासाठी तीन-तीन मीटरची पट्टी. सगळे मिळून साडेएकोणपन्नास मीटर. अजून दहा मीटरांहून जास्त जागा बसथांबे, पावसाळी गटार आणि पार्किंगला उरते. जागा नाही, हे वाक्य या रस्त्यांवर तरी कोणी उच्चारू नये. वीस फुटांच्या गुंठेवारीच्या गल्लीत मात्र वेगळा सायकलमार्ग मागणे चुकीचे आहे. तिथे सगळ्यांनी एकाच जागेत, पण माणसाच्या वेगाने चालायचे असते. वेग जास्त तिथे वेगळी वाट आणि वेग कमी तिथे सामाईक वाट, एवढा फरक लक्षात ठेवला की अर्धा विषय समजला.

रुंदीचा एक तोटाही आहे, तो उत्साहात विसरला जातो. निरोगी माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो. ६० मीटर ओलांडायला त्याला ५० सेकंद लागतात, गुडघे दुखणाऱ्या आजीला ७५. एवढा वेळ कोणता सिग्नल देतो? मध्ये थांबायला सुरक्षित जागा नसेल, दर दोन-तीनशे मीटरवर क्रॉसिंग नसेल, तर रुंद केलेला रस्ता नव्या रेल्वेमार्गासारखाच वस्ती दुभंगतो. मग लोक दुभाजकाचे गज वाकवून कट पाडतात, आणि आपण त्यांना बेशिस्त म्हणतो.

सायकलमार्ग करून पाहिलेच नाहीत असे नाही. २०२० मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने 'इंडिया सायकल्स फॉर चेंज' ही स्पर्धा काढली, आपल्या स्मार्ट सिटीने तीत भाग घेतला आणि क्रांती चौक ते रेल्वे स्टेशन या रस्त्यावर सायकलसाठी पट्टा आखला. त्यानंतरच्या 'स्ट्रीट्स फॉर पीपल' स्पर्धेत देशातल्या अकरा विजेत्या शहरांत आपले नाव होते. या प्रयोगांची कोणी टर उडवू नये. पण त्यातून काय शिकायचे ते शिकलेच पाहिजे. नुसत्या रंगाने आखलेला पट्टा पार्किंगपुढे टिकत नाही, आणि जो पट्टा घरापासून शाळेपर्यंत किंवा कारखान्यापर्यंत सलग जात नाही, त्यावर सायकल येत नाही. मलिक अंबरची नहर डोंगरातून शहरात पाणी आणत असे ती सलग होती म्हणून. मधली शंभर फूट खापरी नळी काढून घेतली तर उरलेल्या मैलभर नळीचा काय उपयोग? मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएने २०११ च्या सुमारास असाच सायकलमार्ग बांधला. तो बाहेरच्या स्टेशनांपर्यंत नीट पोहोचत नव्हता, त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या, आणि २०२५ मध्ये तो काढून वाहनांना लेन देण्याचा निर्णय झाला. लोक सायकल चालवत नाहीत, असा त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. ज्या वाटेने कुठे पोहोचता येत नाही तिच्यावर माणूस जाणार कसा?

पुण्याचा अनुभव अधिक गुंतागुंतीचा आहे. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणारे पुणे दुचाकींचे झाले. बीआरटीच्या काळात बांधलेले सायकलमार्ग ठिकठिकाणी विजेच्या डीपीला, झाडाला, टपरीला जाऊन थडकत. तरीही 'परिसर'सारख्या संस्थांनी चिकाटी सोडली नाही. २०१६ मध्ये रस्त्यांच्या आखणीची मार्गदर्शक तत्त्वे आली, जंगली महाराज रस्त्याचा फुटपाथ रुंद होऊन तिथे माणसे बसू लागली, २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर झाला. आराखड्याच्या मानाने प्रत्यक्ष काम फार थोडे झाले. पण जंगली महाराज रस्त्यावर संध्याकाळी एकदा जाऊन बसावे. आजोबा, नातवंडे, कॉलेजची मुले-मुली त्याच शहरातली, त्याच हवेत वाढलेली. रुंदीची वाटणी बदलली आणि ती बाहेर आली.

परदेशाचे दाखले देताना मी नेहमी नेदरलँडपासून सुरुवात करतो, कारण त्याबद्दल आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे. ते लोक मुळातच सायकलवाले, असे आपण समजतो. खरे म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या, चौक फोडले गेले, सायकली कमी झाल्या. १९७१ मध्ये त्या चिमुकल्या देशात रस्त्यावर ३,३०० माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. मुलगी गमावलेल्या एका पत्रकार बापाने लिहिलेल्या लेखातून 'बालहत्या थांबवा' ही चळवळ पेटली, आया रस्त्यावर बसल्या, आणि १९७३ च्या तेलसंकटाने सरकारलाही शहाणपण सुचले. म्हणजे आज दिसते ते सारे पन्नास वर्षांच्या भांडणाचे फळ आहे. स्पेनच्या सेव्हिलमध्ये सायकलवरचा प्रवास नगण्य होता. २००६ नंतर चारच वर्षांत त्यांनी सुमारे १२० किलोमीटरचे वेगळे, जोडलेले जाळे एका दमात बांधले आणि सायकलस्वार कित्येक पटींनी वाढले. तुकड्या-तुकड्याने केले असते तर जमले नसते, असे तिथले अभ्यासक सांगतात. कोलंबियाचे बोगोटा तर आपल्यासारखेच, विषम आणि दाटीचे. तिथे १९७० च्या दशकापासून रविवारी सकाळी शहरातले मोठे रस्ते, आता शंभर किलोमीटरहून अधिक, मोटारींना बंद असतात.

पुस्तकांत एकच नाव सांगतो. डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन सारख्या दिसणाऱ्या रस्त्यांवरच्या रहिवाशांना विचारले, तुमचे शेजारी मित्र किती? जिथे वाहतूक कमी तिथे मित्र जास्त, जिथे वाहतूक जड तिथे माणसे मागच्या खोलीत सरकलेली. हे काम पुढे १९८१ मध्ये 'लिव्हेबल स्ट्रीट्स' या ग्रंथात आले. दुसऱ्याच वर्षी अथेन्समध्ये वेगात आलेल्या मोटारीने ॲपलयार्ड यांचा जीव घेतला. त्यांची पद्धत मात्र कोणत्याही विद्यार्थ्याला वहीपेन घेऊन वापरता येते. टीव्ही सेंटरच्या आतली एक गल्ली, जालना रोडला लागून एक इमारत आणि देवळाईतला एक डीपी रोड (विकास आराखड्यातला रस्ता) घ्या, आणि तोच प्रश्न विचारा.

आकड्यांबाबत सावध राहायला हवे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची आणि १९.५ टक्के पायी चालणारी. सायकलस्वार ३ टक्क्यांच्या आसपास. यावरून सायकल सुरक्षित आहे असे कोणी म्हणेल. पण भीतीने सायकल सोडलेला माणूस या तक्त्यात कुठेच येत नाही. ब्लॅक स्पॉटचेही तसेच. पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, अथवा दहा मृत्यू, झाले की ती जागा काळ्या यादीत जाते. म्हणजे आधी माणसे मरायची आणि मग उपाय. ज्या चौकाला भिऊन आई मुलाला सोडतच नाही, तो चौक कागदावर निर्दोष राहतो. हा न झालेला प्रवास मोजणे, हे या क्षेत्रातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे काम आहे, आणि मराठवाड्यात ते जवळजवळ कोणी हाती घेतलेले नाही.

मुलींच्या बाबतीत ते आणखी निकडीचे आहे. मानव विकास कार्यक्रमातून राज्य सरकार मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली देते. बिहारमध्ये २००६ मध्ये सुरू झालेल्या अशाच योजनेचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी केला. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले. सायकल हे शिक्षणाचे साधन आहे, इतके ते स्पष्ट आहे. मग एक हात सायकल देतो आणि दुसरा हात त्याच मुलीच्या शाळेपुढे साठच्या वेगाचा रस्ता बांधतो, हे कसे चालेल?

कायदा आता नागरिकाच्या बाजूने बराच झुकला आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहने नव्हे, माणसे हलवणे हे उद्दिष्ट ठरवले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आले. ठरलेल्या मानकांप्रमाणे रस्ता न आखणाऱ्या वा न बांधणाऱ्या यंत्रणेला आणि ठेकेदाराला, त्यातून मृत्यू वा अपंगत्व आल्यास, एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा फुटपाथ मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, आणि त्याचे वाचन या क्षेत्रात यायचे असेल तर टाळू नये. फुटपाथ मोकळा करायचा म्हणजे हातगाडीवाल्याला हाकलायचे, ही समजूत अभ्यासाला आणि माणुसकीला दोन्हीला सोडून आहे. संध्याकाळी सातनंतर बाई एकटी चालू शकते ती बऱ्याचदा भुट्टेवाल्याच्या आणि पाणीपुरीवाल्याच्या दिव्यामुळे. त्यांची जागा आखणीतच धरायची असते.

आणि सावली. एप्रिल-मे महिन्यात आपला पारा चाळिशी ओलांडतो. रुंदीकरणात कडुनिंब तोडून बांधलेला सायकलमार्ग इथे दुपारी बारा ते चार रिकामा राहणार, त्याची रचना कितीही उत्तम असो. युरोपातल्या पुस्तकांत हे प्रकरण सापडणार नाही. ते आपल्यालाच लिहावे लागेल.

नव्या अभ्यासकाने सुरुवात कुठून करावी? मोजण्यापासून. आपल्या रोजच्या वाटेवरचा एक चौक निवडा. शाळा सुटण्याच्या वेळी उभे राहून पायी जाणारे, सायकलवाले, दुचाकी, रिक्षा, मोटारी वेगवेगळ्या मोजा. बायका, मुले आणि म्हातारी माणसे किती ते निराळे लिहा. मेजरिंग टेप घेऊन फुटपाथ मोजा. संहितेप्रमाणे चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि कडेची उंची १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. एका बाजूचा सायकलमार्ग किमान २ मीटर. जिथे फुटपाथ फूटभर उंच आहे, जिथे ड्रेनेजचे झाकण वर आले आहे, जिथे पेव्हर ब्लॉक संपून चिखल सुरू होतो, तिथे खूण करा. एवढी एक वही असली तरी तुमच्या हाती असे काही येते जे पुष्कळदा कार्यालयात नसते.

ही वही घेऊन महापालिकेत जा. रुंद झालेल्या ज्या रस्त्यावर सर्व्हिस रोडचे काम व्हायचे आहे, त्याचा आडवा छेद, म्हणजे कोणाला किती मीटर ते दाखवणारा नकाशा, मागा. मिळाला नाही तर माहिती अधिकारात मागा. त्यात फुटपाथ, सायकलमार्ग, क्रॉसिंग आणि झाडांची पट्टी नसेल तर लेखी हरकत द्या, आणि शेजारच्या दहा घरांच्या सह्या घ्या. काँक्रीट पडल्यावर तोच रस्ता पुन्हा उकरायला वीस-पंचवीस वर्षे जातात. या विषयात काम करणारी माणसे आपल्या भागात अजून फार थोडी आहेत; तुम्ही आलात तर पहिल्या दिवसापासून तुमच्यासाठी काम आहे.